पेटीचं कर्ज आणि पलुस्करबुवांची शाळा



गेल्या पावसाळ्यात मुकुटबनच्या आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्जाचा अर्ज ठेवला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'पेटी'. बऱ्याच जणींना वाटलं, धान्य ठेवायची लोखंडी पेटी असेल. निघाली गाण्याची, म्हणजे हार्मोनियम. त्यांची मुलगी गाण्याच्या परीक्षा देते आणि तिला गावातल्या मुलांना शिकवायचं आहे. ताईंनी शेळीसाठी पैसे मागितले असते तर दोन मिनिटांत ठराव झाला असता. पेटीवर मात्र तासभर वाद झाला. गाणं शिकवून घर चालतं का? हा काय धंदा आहे? प्रश्न रास्तच होता, म्हणून आज त्यावरच बोलू.

गाणं, नाच, चित्र शिकवणं हे पोटापाण्याचं काम व्हावं यासाठी आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांत विष्णु दिगंबर पलुस्करांचं नाव फार वर घ्यावं लागतं. त्यांचा जन्म 1872 साली कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी शोभेच्या दारूने डोळ्यांना इजा झाली आणि नजर फार कमी झाली. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले. तिथे संस्थानिकांचा आश्रय होता, पण गवयाला समाजात मान नव्हता. लोक गाणं ऐकायचे, पण गाणाऱ्याला आपल्या बरोबरीने बसवायचे नाहीत. हे त्यांना लागलं. 1896 मध्ये ते मिरज सोडून फिरायला निघाले, आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कुठे कुरुंदवाड, कुठे लाहोर! एका राजाच्या मर्जीवर नाही, तर लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या पैशावर चालणारी ही शाळा होती.

सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. असं सांगतात, की बुवा ठरलेल्या वेळी शाळा उघडायचे, तंबोरा घेऊन बसायचे आणि एकटेच गायचे. नेतृत्व म्हणजे भाषण, माईक, हार असं आपल्याला वाटतं. आम्हाला तर रिकाम्या खोलीत वेळेवर येऊन बसणारा हा माणूस जास्त पटतो. ज्या गटप्रमुख ताईंनी चार बाया आल्या तरी बैठक घेतली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता त्यांचं काम नेमकं काय होतं ते बघा, कारण चांगला गाणारा आणि चांगला शिकवणारा यांत फरक असतो. पूर्वी गाणं गुरूच्या घरी राहून, त्याची सेवा करून, त्याच्या मर्जीने मिळायचं. पलुस्करांनी त्याचे वर्ग केले, वर्षावर्षाचा अभ्यासक्रम ठरवला, परीक्षा ठेवल्या. गाणं कागदावर उतरवण्यासाठी स्वतःची स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली. (पुढे भातखंड्यांची स्वरलिपी सोपी म्हणून ती जास्त चालली, हेही खरं.) गाण्यांतले शृंगारिक शब्द बदलून भक्तीची पदं घातली. त्यावर जाणकारांनी टीका केली, पण त्यामुळे साध्या घरांतल्या मुलींना शिकायला पाठवायची भीती कमी झाली. जलशाला तिकीट लावलं आणि वेळ पाळली.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्यांनी नुसते गायक न घडवता शिक्षक घडवले. निवडक मुलांना जवळ ठेवून शिकवायचं आणि त्यांनी पुढे दुसऱ्यांना शिकवायचं, अशी त्यांची रीत होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सगळे त्यांचे शिष्य.

पण एक गोष्ट गटाच्या बायांनी कान देऊन ऐकावी. 1908 मध्ये मुंबईत विद्यालय निघालं. पुढे तिथे मोठी इमारत बांधली, ती कर्जावर. बुवा गावोगाव जलसे करून हप्ते भागवत राहिले. ते बाहेर असले की शाळेकडे बघणं कमी, आणि शाळेत बसले की पैसा येणं बंद. शेवटी 1924 मध्ये कर्जापायी इमारतीचा लिलाव झाला. 1931 मध्ये ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. 1932 मध्ये विनायकरावांनी पुण्यात विद्यालय काढलं. इमारत गेली, माणसं उरली होती.

ताईंच्या मुलीने दिलेली 'प्रवेशिका'ची परीक्षा याच मंडळाची. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा तिच्या पायऱ्या आहेत. चित्रकलेची आवड असलेल्या मुलांसाठी शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा शाळेतूनच देता येतात, आणि चित्रकला शिक्षक व्हायचं तर कला शिक्षक पदविका असते. शाळांतल्या जागा थोड्याच निघतात, तेव्हा केवळ नोकरीच्या भरवशावर राहू नये. स्वतःचा वर्ग चालवायचा तर हजेरी, फी, परीक्षेचे फॉर्म, पालकांशी बोलणं, शेजाऱ्यांची कुरकूर, सगळं स्वतः बघावं लागतं. गळा चांगला असून वही ठेवता येत नसेल तर वर्ग चार महिन्यांत बंद पडतो.

आमच्या गटाने शेवटी ठराव केला. नवी पेटी नाही, जुनी घ्यायची. कर्ज मागितल्याच्या निम्मं, हप्ता लहान, आणि मुलीने फीची वही दर बैठकीला दाखवायची. पलुस्करांच्या इमारतीची गोष्ट तेव्हा आम्हाला माहीत नव्हती, नाहीतर तासभर वाद झाला नसता.

दोन हप्ते वेळेवर आले. तिसरा कापूस वेचणीच्या दिवसांत चुकला, कारण मुलं वावरात होती आणि वर्ग रिकामा. तरी ती पोरगी रोज संध्याकाळी दार उघडून बसायची. सध्या सात मुलं येतात. त्यांतली दोघं दिवाळीत दंडार खेळणाऱ्या घरातली आहेत, आणि त्यांचा ताल आपल्यापेक्षा पक्का आहे असं ती स्वतःच सांगते.