संगणकाचा स्टार्टर

पुणे-नाशिक रस्त्याने चाकणकडे जाताना नव्याकोऱ्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर तुम्ही पाहिले असतील. पेट्रोल-डिझेलच्या मोटारीचे इंजिन आपणहून सुरू होत नाही; पहिले काही फेरे बाहेरून द्यावे लागतात. पूर्वी त्यासाठी लोखंडी हँडल फिरवावे लागे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हे कष्ट वाचू लागले.

संगणकापुढेही हीच अडचण असते. बटण दाबले तेव्हा त्याची कामाची स्मृती रिकामी असते. ऑपरेटिंग सिस्टिम असते डिस्कवर. पण ती उचलून आणायलाही एखादी आज्ञावली हवीच! म्हणून मदरबोर्डवरील एका चिपमध्ये छोटी आज्ञावली कायम ठेवलेली असते. जुन्या संगणकांत ती बायोस, नव्यांत यूईएफआय. बायोस डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा कप्पा वाचते आणि तेथील इवलीशी आज्ञावली पुढच्या मोठ्या आज्ञावलीला बोलावते. यूईएफआय ठरावीक ठिकाणची, ठरावीक नावाची फाइल शोधते. या साखळीलाच 'बूट होणे' म्हणतात.

ही साखळी डिस्कऐवजी पेन ड्राइव्हवरून सुरू करता येईल का? अवश्य! १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबला आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. आमच्या भागातील एका शाळेने असे काही संगणक भंगारात काढायचे ठरविले होते. आम्ही त्यांना पेन ड्राइव्हवरून 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली दिली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची ही निर्मिती २००७ साली बाहेर आली. ते संगणक आज वर्गात आहेत.

अशी प्रणाली आयएसओ फाइलच्या रूपात मिळते. ती पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून मात्र भागत नाही. ती बंद पेटीसारखी असते. बायोसला पेटी उघडता येत नाही. रूफस हे विंडोजवरील मोफत साधन पेटीतील वस्तू योग्य जागी मांडते आणि आरंभीची आज्ञावलीही लिहिते. एचर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. व्हेंटॉयची तऱ्हा निराळी. ते पेन ड्राइव्हवर एकदा बसविले की त्याचा स्टार्टरच पेटी उघडतो. मग आयएसओ फाइल नुसती कॉपी केली तरी चालते.

दोन गोष्टी विसरू नका. पहिली, या कामात पेन ड्राइव्हवरील सारे पुसले जाते. माझ्या हातून एकदा वर्षभराची टिपणे अशीच गेली! दुसरी, फाइल मूळ संकेतस्थळावरूनच घ्या आणि तेथे दिलेला ६४ चिन्हांचा एसएचए-२५६ आकडा जुळवून पाहा. फाइलमधील एक बिट बदलला तरी हा आकडा पार बदलतो.

आता शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोग करा. आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह तयार करा. संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी त्याच्या बनावटीला लागू असलेली कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडा. प्रणाली 'लाइव्ह' पद्धतीने चालवा आणि 'इन्स्टॉल' दाबू नका, म्हणजे आतील डिस्क जशीच्या तशी राहील. शाळेतील कोणताही संगणक भंगारात देण्यापूर्वी एवढी परीक्षा जरूर घ्या.