तेलाला पाणी जोडणारे जिवाणू

मातीत मुरलेले तेल जिवाणू खाऊन टाकतात, हे अर्धेच खरे. असे खाताना, म्हणजे बीटा-ऑक्सिडीकरणात, तेलातल्या मेदाम्लांच्या कार्बन-साखळीचे दोन-दोन कार्बन तुटतात. १८ कार्बनच्या स्टिअरिक आम्लाचे ८ फेऱ्यांत ९ तुकडे होतात आणि जिवाणूला ऊर्जा मिळते. पण १९६२मध्ये स्युडोमोनास जिवाणूची वेगळीच करामत नोंदली गेली. शेंगदाणा तेलात भरपूर असणाऱ्या ओलेइक आम्लात ९व्या आणि १०व्या कार्बनच्या दरम्यान दुहेरी बंध असतो. तिथे जिवाणूचे हायड्रेटेज विकर पाण्याचा रेणू बसवते: १०व्यावर हायड्रॉक्सिल, ९व्यावर हायड्रोजन. अठराही कार्बन शाबूत. खोलीच्या तापमानाला पातळ असलेल्या आम्लापासून पांढरे, घन १०-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल तयार होते.

ऊर्जा मिळत नसेल तर हा खटाटोप कशासाठी, हा आक्षेप रास्तच. सर्वांत पटणारे उत्तर स्वसंरक्षणाचे: मुक्त असंपृक्त (दुहेरी बंध असलेली) आम्ले पेशीपटलात घुसून ते खिळखिळे करतात, हायड्रॉक्सिल जोडलेले रूप तितके जाचक नसते. एरंडेलातल्या रिसिनोलेइक आम्लावरही हायड्रॉक्सिल असतो, पण १२व्या कार्बनवर. एरंड तो हवेतला ऑक्सिजन वापरून बसवतो, या जिवाणूला मात्र पाणी पुरते.