एका पेशीचा धागा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलची सुरुवात बहुधा कांद्याने होते. पापुद्र्याची पातळ साल चिमट्याने सोडवायची, काचपट्टीवर पसरायची, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. पाव मिलिमीटरच्या आसपासच्या पेशी दिसल्या की वर्गात कुजबुज सुरू होते. खानदेशातल्या शिंदखेडा तालुक्यातल्या मुलामुलींनी यावर थक्क व्हावं हे ठीकच; पण याहून शंभरपट लांब पेशी त्यांच्या घरातच, भाव वाढायची वाट पाहत, खोलीत आढ्यापर्यंत रचलेल्या असतात. त्या पाहायला भिंगसुद्धा लागत नाही. कापसाचा एक तंतू म्हणजे एक पेशी. अखंड, एकच.

ही पेशी येते सरकीच्या सालीवरून. अमेरिकन कपाशीचं फूल सकाळी दुधी रंगाचं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, त्यामुळे आज उमललेलं फूल कोणतं हे लगेच ओळखू येतं. त्याच दिवशी फुलाच्या आत, पुढे सरकी होणाऱ्या बीजांडांच्या पृष्ठभागावरच्या साधारण चारातली एक पेशी फुगून वर येते. मग ती लांबत जाते. दुभंगत नाही, शेजारणीला जोडून घेत नाही. आतल्या पाण्याच्या दाबाने नुसती ताणत राहते. ऐन भरात दिवसाला दोन मिलिमीटर. तीनेक आठवड्यांत ती अडीच-तीन सेंटिमीटर होते आणि जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीच. मग लांबणं थांबतं आणि भिंत भरायला लागते: सेल्युलोजवर सेल्युलोज, थरावर थर, बोंड फुटण्याच्या बेताला येईपर्यंत. बोंड उकललं की पाणी उडतं, पेशी मरते, आतली पोकळी बसते आणि तिची चपटी फीत होऊन पीळ पडतो. हा पीळ आहे म्हणून सूत निघतं. नाहीतर तंतू एकमेकांना धरूनच राहिले नसते. एका सरकीवर असे दहा हजारांहून जास्त तंतू, एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या. आपल्या अंगावरचा सदरा म्हणजे मेलेल्या पेशींच्या भिंती आहेत!

हे सगळं पाहायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एका सकाळी दुधी फुलांच्या देठांना रंगीत दोरा बांधायचा, तारीख लिहायची आणि दर चार दिवसांनी एकेक बोंड कापून बघायचं. वडिलांनी आरडाओरडा केला तर तेवढी बोंडं आपल्या वाट्यातली धरायची.

शिंदखेड्याच्या विद्यार्थ्याची पदवी जळगावच्या विद्यापीठाची. पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन ते 15 ऑगस्ट 1990 रोजी सुरू झालं आणि 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव लावतं. अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईचं नाव विज्ञानाच्या पदवीवर छापलं जातं, हे मला फार योग्य वाटतं. शेताकडे तिच्याइतकं रोखून पाहणारे प्राध्यापकही थोडेच.

अभ्यासक्रमात पेशी, आनुवंशिकी आणि उत्क्रांती वेगवेगळ्या पेपरांत येतात. वावरात त्या एकाच झाडावर भेटतात. खानदेशात पूर्वी जरीला, विरनार अशा देशी वाणांचा काळ होता. देशी कपाशीच्या पेशीत 26 गुणसूत्रं असतात, आज सर्वत्र दिसणाऱ्या अमेरिकन कपाशीत 52. बरोबर दुप्पट, आणि हा योगायोग नाही. त्यातली 26 आपल्या देशी कपाशीच्या कुळातली, उरलेली 26 पेरूमधल्या एका रानटी कपाशीच्या कुळातली. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या कपाशीचं बी कसं कोण जाणे, बहुधा समुद्रावर तरंगत, अमेरिकेला लागलं आणि तिथे हा संकर घडला. तेव्हा माणूस शेतीच काय, सूत कातणंही जाणत नव्हता. याचा पडताळा प्रयोगातूनही मिळाला: 1940 मध्ये बीझ्ली या शास्त्रज्ञाने टेक्सासमध्ये देशी कपाशीचा अमेरिकेतल्या रानटी कपाशीशी संकर केला, कोल्चिसीन या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट केली, आणि तयार झालेल्या झाडाचा अमेरिकन कपाशीशी संयोग जमला. गंमत अशी की पेरूच्या त्या रानटी बाजूला कातण्याजोगा तंतूच नाही. तरी दोघींच्या मिलाफातून निघालेला धागा देशीपेक्षा लांब!

उत्क्रांतीचा पेपर तर शेतात रोज लिहिला जातो. शेंदरी बोंडअळीचं शास्त्रीय वर्णन 1843 मध्ये झालं ते भरूचकडच्या नमुन्यांवरून, म्हणजे आपल्या शेजारच्याच मुलखातून. 2002 मध्ये अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी बीटी कपाशी आली, पुढे अशा विषाच्या दोन जनुकांची आली, आणि 2017 मध्ये महाराष्ट्रभर त्याच अळीने बोंडं पोखरली. विष पचवणारी अळी सुरुवातीला लाखांत एखादी असते. आसपास साधी कपाशी असेल तर तिथल्या साध्या पतंगांशी तिचं मीलन होतं आणि पिल्लं पुन्हा विषाला बळी पडतात, कारण हा गुण अप्रभावी आहे. त्यासाठीच बीटीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याचं छोटं पाकीट यायचं. बहुतेकांनी ते बांधावर फेकलं किंवा पेरलंच नाही. ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी अशा आश्रयाच्या ओळी राखल्या, नंतर वंध्य पतंग सोडले, आणि 2018 मध्ये अमेरिकेने ही अळी तिथल्या कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं. मेंडेलचा साधा नियम न पाळल्याची किंमत इथे पिकाच्या नुकसानीत मोजावी लागली.

म्हणून डोमकळीकडे बघायला शिकणं महत्त्वाचं: पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसलं की आत अळी असते. ही अळी सरकीत किंवा मातीत उन्हाळा झोपून काढते आणि पहिल्या पावसाबरोबर पतंग होऊन बाहेर येते. तेव्हा शेतात पाते-फुलं नसतील, तर अंडी घालायला योग्य जागाच मिळत नाही. मध्यंतरी काही वर्षं 1 जूनआधी कपाशीचं बियाणं विकायला बंदी होती, तिचं कारण एवढंच.