फळबाग सगळ्यांची, पाणी कोणाचं?

जुलैत रोप लावताना फोटोला सगळे असतात. एप्रिलमध्ये त्याला पाणी घालायला कोण येतं? कॉलनीच्या बागेत सामूहिक फळबाग करायची असेल, तर आधी हे ठरवा. पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. उन्हाळ्यातच दोन-अडीच फूट खोल खड्डे खणून तापू द्या. पावसाला सुरुवात झाली की शेणखत-माती भरून पेरू, जांभूळ, आवळ्याची कलमं लावा. आवळ्याच्या मात्र दोन वेगळ्या जाती हव्यात. एकट्या झाडाला फळ कमी धरतं. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा, त्याखालचे कोंब काढत राहा. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा. पहिले दोन उन्हाळे एकेका कुटुंबाने एकेक झाड सांभाळावं. 2-3 वर्षांत पेरू लागतील. खालचे मुलांना, शेंड्याचे पोपटांना!