वाझवान

काश्मीर खोऱ्यात विवाहादी समारंभांत दिले जाणारे पारंपरिक सामिष सहभोजन. ‘वाझा’ म्हणजे आचारी. मुख्य आचाऱ्यास ‘वस्ता वाझा’ म्हणतात. हा व्यवसाय बहुधा वंशपरंपरागत असून परंपरेने त्याचा उगम समरकंदहून आलेल्या बल्लवांशी जोडला जातो. मेंढीचे ताजे मांस काही पदार्थांसाठी दगडावर लाकडी हातोड्याने कुटून, तर काहींसाठी तुकडे करून, कल्हई केलेल्या तांब्याच्या भांड्यांत लाकडांच्या विस्तवावर शिजवितात.

‘तश्त-नारी’ ह्या तस्त व झारीने पाहुण्यांचे हात धुविल्यावर चौघाचौघांपुढे भाताने भरलेली ‘त्रामी’ ही तांब्याची परात मांडतात. प्रत्येक जण आपल्या बाजूने जेवतो. तबकमाझ (तळलेल्या बरगड्या), रिस्ता (तांबड्या रश्श्यातील मांसगोळे), रोगनजोश इ. पदार्थ वाढले जातात. दह्याच्या रश्श्यातील गोश्ताबा हा मोठा गोळा आला, की मांसाहारी पदार्थ संपले असे समजतात. पूर्ण वाझवानात ३६ पदार्थ असतात, असे परंपरा मानते.

यजमानाची प्रतिष्ठा पदार्थसंख्येवरून जोखली जाऊ लागल्याने खर्च व नासाडी वाढली. म्हणून २०१७ मध्ये जम्मू व काश्मीर राज्य शासनाने समारंभांतील पाहुणे व पदार्थ यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा आदेश काढला. तथापि मोजक्या पदार्थांच्या वाझवानातही सामान्यतः चौघे एकाच त्रामीभोवती बसतात आणि त्यामुळे अपरिचित पाहुणेही एकमेकांचे सोबती होतात.