लाटा नसलेली जागाच धोक्याची

मूल शहराजवळून वाहणाऱ्या उमा नदीचे पाणी वैनगंगेत जाते आणि पुढे प्राणहिता, गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. मूलचे पर्यटक मात्र समुद्र पाहायला बहुधा पश्चिमेकडे, कोकणात नाहीतर गोव्याला जातात. बोडीत, तलावात, नदीच्या डोहात पोहायला शिकलेला तरुण तिथे बेधडक पाण्यात शिरतो. त्याला पोहता येते, पण समुद्राची चाल ठाऊक नसते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता. समुद्र फक्त पावसाळ्यातच घातक असतो, हा समज म्हणूनच सोडायला हवा.

वाळूच्या किनाऱ्यावरचा मोठा धोका म्हणजे परतीचा प्रवाह. लाटा एकामागून एक किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात आणि ते पाणी समुद्रात परतायला वाट शोधते. पाण्याखालच्या वाळूच्या बांधाला जिथे खिंड असते, तिथून ते जोराने बाहेर पडते. खिंडीत पाणी खोल असल्याने लाटा कमी फुटतात आणि तेवढी पट्टी शांत दिसते. लेकरांना घेऊन उतरायला पालक नेमकी तीच जागा निवडतात.

या प्रवाहाचा वेग साधारणपणे सेकंदाला अर्धा मीटर असतो, पण जोर धरला की तो दोन मीटरच्याही पुढे जातो. त्याच्याविरुद्ध हातपाय मारणारा सराईत पोहणाराही काही मिनिटांत दमतो. बहुतेक बळी या दमछाकीचेच असतात, कारण हा प्रवाह माणसाला तळाशी खेचत नाही, फक्त आत नेतो. लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे त्याचा जोर सहसा ओसरतो.

वैनगंगेत पोहणारा कधी धारेच्या उलट जात नाही. धार कापून काठ गाठतो. समुद्रातही तोच नियम आहे. फरक इतकाच की इथे किनारा धारेच्या उलट दिशेला असतो, म्हणून घाबरलेला माणूस सरळ त्याच्याकडे झेपावतो. त्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहावे आणि फेसाळ लाटांच्या पट्ट्यात आल्यावर तिरके बाहेर यावे. तेवढी ताकद नसेल, तर पाठीवर तरंगत राहून हात वर करावा.

पाण्यात उतरण्यापूर्वी पाचदहा मिनिटे किनाऱ्यावर उभे राहून पाहावे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधली पट्टी गडद दिसत असेल, फेस किंवा गढूळ वाळू आत सरकत असेल, तर तिथे उतरू नये. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहण्यासाठी असते. लाल झेंडा दिसला की पाण्यात पाऊल घालू नये. भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळी बांधवांना किंवा जीवरक्षकांना विचारावी. गोव्यात २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे. त्यांची शिट्टी वाजली की बाहेर यावे.

बनाना राइड, जेट स्की किंवा पॅरासेलिंग करताना जीवरक्षक जाकीट अंगाला घट्ट बसले आहे का, त्याचे सगळे पट्टे लावले आहेत का, हे स्वतः तपासावे. सैल जाकीट पाण्यात वर सरकते आणि तोंड पाण्याबाहेर राहत नाही. दारू पिऊन पाण्यात उतरूच नये.

कुणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका, जीवरक्षकाला हाक द्या आणि ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करा. सहलीला निघण्याआधी हे दोन्ही क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.