सवलतीतला टीव्ही आणि मालवणची हवा

गणपती तोंडावर आले की मालवण, कुडाळ, कणकवलीच्या घराघरांत नव्या टीव्हीचा विषय निघतो. मुंबईचा चाकरमानी मोबाइलवर जाहिरात दाखवतो: ४३ इंची, फोर-के, ६५ टक्के सूट, आणि कंपनीचं नाव आळीत कुणी ऐकलेलं नसतं. घरातली वडीलधारी माणसं निकाल देऊन मोकळी होतात, ‘स्वस्तातलो टीव्ही म्हणजे दोन पावसाळे.’ एकाचा भरवसा जाहिरातीवर, दुसऱ्यांचा ऐकीव गोष्टींवर. टीव्ही घेण्याजोगा आहे की नाही, हे मात्र सवलतीच्या आकड्यावरूनही कळत नाही आणि नावावरूनही. तो बिघडला की कोण उघडणार आणि तो कुठल्या हवेत राहणार, यावर बरंचसं ठरतं.

‘६५ टक्के सूट म्हणजे ६५ टक्के फायदा’

टीव्हीची एमआरपी सरकार ठरवत नाही. उत्पादक किंवा आयातदार ती ठरवतो आणि खोक्यावर छापतो. त्याहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत, एवढंच कायदा सांगतो. एमआरपी किती फुगवावी याला टीव्हीच्या बाबतीत मर्यादा नाही. २५ हजार छापायचे, वर्षभर १० हजारांना विकायचं आणि सणाला ६० टक्के सवलतीचा फलक लावायचा, यात एमआरपीचा नियम मोडत नाही. म्हणून तुलना छापील किमतीशी नको. तेवढ्याच आकाराचे दुसरे तीन-चार टीव्ही आज प्रत्यक्ष कितीला विकले जातात, ते बघावं.

जीएसटीचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्हीवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. म्हणजे ३२ इंची टीव्ही ‘जीएसटी उतरल्यामुळे स्वस्त’ असं कुणी सांगत असेल तर ती नुसती थाप. मोठ्या टीव्हीतही मूळ किंमत २० हजार धरली, तर २५,६०० चे २३,६०० होतात. जेमतेम आठ टक्के.

‘नाव ओळखीचं असलं की कंपनी तीच’

कोडॅक म्हटलं की जुन्या माणसांना कॅमेऱ्याची रिळं आठवतात. भारतात कोडॅक, थॉमसन आणि ब्लाउपुंक्ट या तिन्ही नावांचे टीव्ही मात्र सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही एकच भारतीय कंपनी परवान्यावर विकत आली आहे. नाव भाड्याने घेणं गैर नाही आणि त्यावरून टीव्ही वाईटही ठरत नाही. फक्त परदेशी नावाचे जादा पैसे मोजताना हे ठाऊक असावं.

उलट टोकाचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचं औरंगाबाद) चितेगावला कारखाना असलेली व्हिडिओकॉन एके काळी घरोघरी होती. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हमीपत्रामागे उभी असलेली कंपनीच डळमळली, तर नाव कितीही मोठं असून उपयोग काय?

आणि ‘आत सॅमसंगचं पॅनल आहे हो’ हे दुकानदाराचं वाक्य आता निवृत्त व्हायला हवं. सॅमसंगच्या पॅनल बनवणाऱ्या कंपनीने एलसीडीचं उत्पादन २०२२ मध्येच बंद केलं. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं तर एलसीडीच. मागे प्रकाशासाठी एलईडीच्या पट्ट्या असतात इतकंच. ही पॅनलं आज बहुतांशी बीओई, सीएसओटी, एचकेसी अशा चिनी कंपन्यांच्या कारखान्यांतून येतात, स्वस्तातल्या टीव्हीसाठीही आणि महागातल्याही. पॅनलचा ‘ए-प्लस ग्रेड’ हा शिक्काही कुठलीही सरकारी यंत्रणा देत नाही.

मग ‘सगळ्यांचं आत एकच’ असं म्हणावं का? अर्धं खरं. काच एकाच कारखान्यातली असू शकते. पैसे वाचवले जातात ते पट्ट्यांवर किती एलईडी बसवले आणि ते किती ताणून चालवले यात, वीजपुरवठ्याच्या बोर्डात, स्पीकरमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये. हे दुकानात उभं राहून दिसत नाही.

‘फोर-के नसेल तर चित्र फिकं’

३२ इंची एचडी-रेडी टीव्हीला लोक उगाच नाक मुरडतात. माणसाच्या नजरेची सर्वसाधारण मर्यादा धरून हिशेब केला, तर साधारण सहा फुटांपलीकडून त्या पडद्यावरचे ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची फुल एचडीचंही जवळपास तेच. आपल्याकडे बैठक भिंतीला टेकून असते, अंतर आठ-दहा फूट सहज पडतं. तिथून फोर-केचे ८३ लाख ठिपके आणि फुल एचडीचे २१ लाख यांत फरक करायला घारीचे डोळे लागतील. त्यात घरी डीडी फ्री डिशच असेल, तर तिथले बहुतेक चॅनल साध्या दर्जाचे. फोर-के पडद्यावर ते सुधारत नाहीत.

बघण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे: काळा रंग किती काळा दिसतो. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका इथल्याच आकेरीत चित्रित झाली. तिच्यातला रात्रीचा एखादा प्रसंग दुकानात लावायला सांगा. कमअस्सल टीव्हीवर काळोख राखाडी होतो आणि पडद्याच्या कोपऱ्यांतून उजेड झिरपतो. दुकानदार फुलं, पोपट आणि समुद्र दाखवतो, कारण भडक चित्र कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतं.

पॅनल दोन जातींचं असतं. व्हीए जातीचा काळा रंग गडद, पण बाजूने बघितलं की चित्र उडतं. आयपीएसचा काळा रंग फिका, पण कडेला बसलेल्यालाही चित्र नीट दिसतं. पडवीत दहा जण ओळीने बसून दशावतार किंवा क्रिकेट बघणार असतील तर आयपीएस बरा. दोघंच समोर बसणार असतील तर व्हीए. स्वस्त टीव्हीच्या खोक्यावरचं ‘एचडीआर’ सोडून द्या. त्याला लागणारी प्रखरता बहुतेक वेळा त्या पॅनलमध्ये नसतेच.

‘स्मार्ट आहे, सगळं चालतं’

अँड्रॉइडवर चालणारा प्रत्येक टीव्ही गूगलने प्रमाणित केलेला नसतो. मोफत मिळणारं मूळ अँड्रॉइड घेऊन वर अ‍ॅप चिकटवलेले टीव्ही बाजारात आहेत. त्यांत यूट्यूब दिसतं, पण पैसे भरून घेतलेलं ओटीटी एकतर उघडत नाही किंवा अंधूक दिसतं, कारण एचडी दर्जासाठी लागणारी वाइडवाइन एल-वन ही सुरक्षा पातळी त्यांत नसते. शिवाय एक जीबी रॅम आणि आठ जीबी जागा वर्षभरात अपुरी पडते. घेताना ‘गूगल टीव्ही’ किंवा दुसरी नावाजलेली प्रणाली स्पष्ट लिहिलेली आहे ना, ते बघा. पडदा ठीक आणि स्मार्टपणा कच्चा असेल, तर पुढे वेगळी स्टिक लावून काम भागतं. त्यामुळे या एका कारणावरून मी तरी चांगला पडदा नाकारणार नाही.

‘महागडा घेतला की खाऱ्या हवेची चिंता नाही’

किनाऱ्यावरच्या टीव्हीचं आयुष्य सर्वात जास्त इथे ठरतं, आणि नेमकं हेच कुठल्या जाहिरातीत नसतं. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण टीव्हीच्या मागच्या फटींतून आत जाऊन बोर्डावर बसतात. कोरडं मीठ फारसं काही करत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. मग बोर्डावर वीज वाहून नेणारा पातळ थर तयार होतो. सांधे गंजतात, मधल्या मध्ये वीज फिरते. आपल्या पावसाळ्यात आर्द्रता या रेषेच्या वरच असते. मीठ कंपनी बघून बसत नाही, आणि गंज, ओलावा, मुंग्या-पाली यांमुळे झालेला बिघाड बहुतेक हमीपत्रांत वगळलेला असतो, मग किंमत काहीही असो.

रोज चालणारा टीव्ही आतून गरम होतो आणि ओल कमी धरतो. खरे हाल चाकरमान्याच्या बंद घरातल्या टीव्हीचे. मे महिन्यात कुलूप लावलेलं घर गणपतीला उघडायचं आणि आल्या आल्या स्विच दाबायचा, ही टीव्ही मारायची हमखास रीत आहे. खिडक्या उघडून, पंखा लावून दिवसभर त्याला सुकू द्यावं. मोलाचा टीव्ही अशा घरात ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. बंद घराला साधा ३२ इंचीच योग्य.

दुसरा शत्रू वीज, तीही आकाशातली. इथे गडगडाट जास्त होतो तो पावसाच्या आधी मेमध्ये आणि पाऊस परतताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे सणाचा नवा टीव्ही भिंतीवर चढतो तेव्हाच. ‘स्टॅबिलायझर लावलाय’ हे त्यावर उत्तर नाही. स्टॅबिलायझर दाब कमी-जास्त झाला तर सांभाळतो, तोही हल्ली बऱ्याच टीव्हींना लागत नाही, कारण त्यांचा वीजपुरवठा बराच चढउतार सोसतो. विजेचा झटका सेकंदाच्या बारीकशा भागात येतो आणि डिशच्या किंवा ब्रॉडबँडच्या वायरीतूनही येतो. प्लग आणि डिशची वायर, दोन्ही काढून ठेवायची. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं; ते फुकट आहे.

‘स्वस्त टीव्ही दुरुस्तच होत नाही’

गंमत अशी की कधी कधी उलटंच असतं. लहान, साध्या टीव्हीला चालणारे युनिव्हर्सल बोर्ड आणि बॅकलाइटच्या पट्ट्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. हमी संपलेली असेल तर गावातला जाणता मेकॅनिक ते बसवून टीव्ही चालू करतो. पडदाच फुटला तर मात्र स्वस्त काय नि महाग काय, नवं पॅनल टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातं. म्हणून गाडीतून आणताना टीव्ही आडवा निजवू नये, उभाच ठेवावा.

हमीच्या काळात प्रश्न पिनकोडचा असतो. ‘४१६६०६ ला डिलिव्हरी मिळेल’ एवढं बघून लोक निर्धास्त होतात. टीव्ही मालवणात पोचवणं वेगळं आणि दुरुस्तीला माणूस मालवणात पाठवणं वेगळं. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर खरेदीच्या आधी फोन करून विचारावं: माणूस घरी येणार का, कुठून येणार, की टीव्ही आम्हीच कुडाळला किंवा कोल्हापूरला न्यायचा? फोन कुणी उचलतच नसेल, तर उत्तर मिळालंच. खोक्यावर बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी खरी आहे की नाही ते कळतं.

हे सगळं जुळत असेल तर अनोळखी कंपनीचा ३२ इंची टीव्ही सवलतीत जरूर घ्यावा, होमस्टेच्या खोल्यांसाठी तर नक्कीच. ५५ इंची घेताना मी तसं करणार नाही. तिथे पॅनल गेलं की सवलतीत वाचलेले पैसे त्याबरोबर जातात.

शेवटची समजूत अशी की, ऑनलाइन घेतलेल्या वस्तूसाठी भांडायला बंगळुरू-दिल्ली गाठावी लागते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. आपल्याकडे तो सिंधुदुर्गनगरीत, ओरोसला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सांगून बघावं. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. फक्त बिल कुणाच्या नावावर करायचं, ते खरेदीच्या वेळीच ठरवा. टीव्ही मालवणच्या घरात आणि बिल डोंबिवलीच्या मुलाच्या नावावर असेल, तर तक्रारीच्या वेळी कागदांचा घोळ वाढतो. इथे राहणाऱ्या आईच्या किंवा वडिलांच्या नावाने बिल करून घ्यावं, आणि टीव्ही भिंतीला लावण्यापूर्वी त्याच्या पाठीवरच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवावा.